स्वप्नाचं काम आणि माझी बोटं

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार
कंप्युटर घरात येऊन आठवडा झाला. सोप्यात बसलाय, डोक्यावर फडकं घेऊन, नव्या नवरीवानी. आपला न्हाई, साताऱ्याच्या ऑफिसचा हाय. सून माझी, स्वप्ना, तिनं सांगलीला कोर्स केला म्हणून तिला हे घरबसल्या काम मिळालं. आधी इंटरनेटसाठी सांगलीला फोन लावायचा, फोनला जोडलेला डबा किरकिर करतो, मग ब्राउझर म्हणून एक चौकट हाय तिच्यात अमेरिकेच्या दुकानातल्या मालाची चित्रं येत्यात. दोन-दोन. कप, चपला, खुर्च्या, काय वाट्टेल ते. दोन्ही एकच वस्तू हाय का येगळी, एवढंच सांगायचं. एकच तर हिरव्यावर दाबायचं, येगळी तर लालवर. मी म्हणाले, एवढ्याला कोर्स कशाला पायजे. बाजारात वांगी निवडताना मी दुसरं काय करते.
साक्षरता वर्गात सही शिकले ती उगंच न्हाई. मास्तर म्हणायचे, बनाबाई, रोज चार ओळी लिवा, हात वळंल. लिवते. कुणी वाचायचं न्हाई.

१३ फेब्रुवारी, शनिवार
कपिल आला. ल्योक साताऱ्याला एमआयडीसीत, दर शनवारी येतो. भाकरी मोडता मोडता म्हणाला, जूनला ह्या दोघींना साताऱ्याला नेतो, दीक्षाला तिथल्या शाळेत घालतो. दीक्षा माझी नात. पाच वर्षाची, पण बोलती मामलेदारासारखी.
स्वप्ना म्हणाली, हे काम घरनं नीट चाललं तर मी कशाला येऊ, दीक्षाला आष्ट्यातच घालू की. कपिल म्हणाला, चाललं तर बघू. मग माझ्याकडं वळून, आये, तुझं काय म्हणणं. मी म्हणाले, माझं काय असणार, तुमी गेला तर दुपारची झोप तरी मिळंल.
ठराव: स्वप्नाचं काम चालवायचंच. तिच्यासाठी. माझ्यासाठी न्हाई.

१६ फेब्रुवारी
आजपासनं दुपारी मी बसते. स्वप्ना सैपाक, धुणं, दीक्षा बघती, मी माऊस. लय सोपं हाय. पहिल्याच दिवशी टोपलीभर चित्रं उरकली.

१७ फेब्रुवारी
साताऱ्यातनं काही चित्रं माघारी आली. एका चित्रात डाव्या पायाचा बूट, दुसऱ्यात उजव्या. मी एकच म्हणून दाबलं. स्वप्ना म्हणाली, आत्या, येगळं हाय हे. मी म्हणाले, जोडी हाय ती पोरी, जोडी कुणी मोडतं का. ती म्हणाली, अमेरिकेवाले मोडतात. मग लालवर दाबलं. त्यांच्या चपला, त्यांचं नशीब.
बाकी सगळी बरोबर निघाली. स्वप्ना दोनदा म्हणाली तसं.

२४ फेब्रुवारी, दुपारी
मनगट दुखतंय. चित्र बघायला टाइम लागत न्हाई. पान खाली ओढायचं, दाबायचं, मग नेक्स्ट दाबायचं, मग पान येस्तोवर वाट बघायची. वाट बघताना डोळा लागतो. मनुबाई शेजारीण डोकावली, म्हणाली, बनाक्का, टीव्हीम्होरं झोपलीस व्हय. मी म्हणाले, ऑफिस चालू हाय, नंतर ये.

२६ फेब्रुवारी
स्वप्नानं स्क्रिप्ट केली. स्क्रिप्ट म्हंजे ब्राउझरला आधीच लिहून ठेवलेला हुकूम. आता एक आकडा दाबला की एकच, दोन दाबला की येगळं, आणि पुढचं पान आपोआप येतं. ओढायचं न्हाई, नेक्स्ट न्हाई. खरं तर कल्पना माझीच. मीच म्हणाले होते, ह्याला काय तरी कर. तिनं फक्त लिहिली.
आता अर्ध्या दुपारीत काम उरकंल. ठराव: तीनला झोपायचं, पाचला उठून दीक्षाला विहाराकडं फिरवून आणायचं.

५ मार्च
काम अर्ध्या दुपारीत उरकलं. साताऱ्याचे मानसिंग साहेब फोनवर खूश. म्हणाले, स्पीड वाढलाय, दुप्पट चित्रं पाठवतो.
झोप न्हाई. फिरायला न्हाई.

९ मार्च
स्वप्नानं दुसरी स्क्रिप्ट केली. आता एक चित्र बघतोय तोवर मागं पाच पानं उघडून तयार बसत्यात. पंगतीला वाढपी पातेलं घेऊन उभा असल्यासारखं. वाट बघायची गरजच न्हाई.
वाट बघताना मी चहाचा घोट घेत होते, हे आता ध्यानात येतंय.

१८ मार्च
डोळ्यातनं पाणी. मिटले तरी बूट दिसत्यात. दीक्षा मांडीवर येऊन बसली, म्हणाली, आज्जी, गोष्ट सांग. मी म्हणाले, एक होता कप, दुसरा होता कप, दोन्ही एकच. ती म्हणाली, ही गोष्ट न्हाई. मी म्हणाले, नव्या जमान्याची हाय. ती उतरून मनुबाईकडं गेली. जाऊ दे. तिच्यासाठीच राबतेय, मोठी झाली की कळंल.
साहेबांनी आणखी वाढवली. म्हणजे काम पक्कं. म्हणजे जूनचं काय न्हाई.

१४ एप्रिल, जयंती
सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात गेले, दीक्षाला निळी रिबीन बांधली. लय गोड दिसत होती, चार बायकांनी गाल ओढले. मी सांगितलं, आष्ट्याच्याच शाळेत जाणार ही.
घरी आले तर साहेबांचा फोन येऊन गेलेला. स्वप्नाचा चेहरा फुललेला. एवढा स्पीड कसा म्हणून त्यांनी विचारलं, तिनं स्क्रिप्टचं सांगितलं. साहेब म्हणाले, ही स्क्रिप्ट तुमी लिहिली असंल तर घरात बसून काय करताय, साताऱ्याच्या ऑफिसला या, सगळ्या पोरींना शिकवा, पगारी नोकरी देतो.
मी म्हणाले, वा. जेवण गेलं न्हाई. उन्हानं.

१५ एप्रिल
स्वप्ना अजून हो म्हणाली न्हाई. विचार करते म्हणाली. मी पण विचार केला. एवढ्या जलद कामामुळं हे झालं. जलद हाय, बरोबर हाय, म्हणून बोलावत्यात. काम जरा कमी चांगलं असतं तर कुणी बोलावलं असतं.
बोटं लय दमलीत माझी. दमलेल्या बोटांना ताप देऊ नये, डॉक्टर पण सांगतो.

१६ एप्रिल, दुपारी
बोटं मोकळी सोडली. त्यांना जे दाबायचं ते दाबू देत. मी मधी पडले न्हाई.

१७ एप्रिल
बोटं अजून मोकळीच. विहारात पंचशील म्हणताना जरा अडखळले. खोटं बोलू नये असं हाय त्यात. पण मी कुठं बोलले. दाबण्याबद्दल त्यात काय न्हाई.

२३ एप्रिल
साहेबांचा फोन. चुका आल्यात. स्वप्ना दारात उभी राहून नुसतं व्हय सर, व्हय सर करत होती. फोन ठेवल्यावर पाणी प्याली.
मी म्हणाले, मग आता नोकरी देणार न्हाईत का ते. ती म्हणाली, आत्या, जरा गप बसा.
मनातनं वाईट वाटलं तिच्यासाठी. पण जे व्हायचं ते बऱ्यासाठी. तिला एसटी लागती तशी पण.

२४ एप्रिल, शनिवार
वाईट दिवस. कपिल आलेला. त्याच्या देखत न्हाई, तो आंघोळीला गेल्यावर स्वप्ना माझ्याजवळ येऊन बसली. हळू बोलली. म्हणाली, आत्या, दमलेलं माणूस मधनं मधनं चुकतं. तुमच्या दोन दिवसात एक सुद्धा चित्र बरोबर न्हाई. सगळीच्या सगळी चूक यायला प्रत्येकाचं बरोबर उत्तर माहिती लागतं.
मी म्हणाले, बोटं.
ती म्हणाली, बोटं न्हवं.
मग मी दीक्षाचा परकर शिवायला घेतला. सुईत दोरा जाईना. स्वप्नानंच ओवून दिला.

२६ एप्रिल
स्वप्नानं साहेबांना काय सांगितलं ते आज कळलं. म्हणाली, माझ्या स्क्रिप्टमध्ये एक आणि दोन उलटे पडले होते, माझी चूक हाय. सगळं आपल्या अंगावर घेतलं. माझं नाव न्हाई.
साहेब म्हणाले, बरं, अशी चूक घरात एकटं बसून काम केलं की कळत न्हाई. घरचं काम बंद. कंप्युटर परत पाठवा. नोकरीचं कायम हाय, पण साताऱ्याला येऊन, आमच्या नजरेम्होरं.
म्हणजे बरोबर दाबलं तरी साताराच आणि चूक दाबलं तरी साताराच. ही स्क्रिप्ट कुणी लिहिली देव जाणे. आमी देव मानत न्हाई, तेवढी एक पंचाईत.

३० एप्रिल
टेम्पोवाला कंप्युटर घेऊन गेला. सोपा लय मोठा दिसतो.

६ जून, रविवार
सामान गेलं. स्वप्ना म्हणाली, आत्या, तुमी पण चला की. कपिल म्हणाला, आये, चल. मी म्हणाले, घर कोण बघणार, शेळी कोण बघणार, आणि तुमच्या त्या दोन खोल्यात माझा जीव घुसमटंल. दीक्षा म्हणाली, आज्जी, मग तुला दुपारी झोपायला मिळंल का. मी म्हणाले, व्हय. पोरगी सगळं ध्यानात ठेवती.

७ जून
दुपारी झोपायचा ठराव आज पुरा करायचा. एकला पडले. दोनला उठून बसले. झोप अशी मागून येत न्हाई, सवय मोडलीया. उद्या येईल.

१२ जून, शनिवार
शनवार. कपिल आला न्हाई. कशाला येईल, बायको-पोर तिकडंच. तरी दोन भाकरी जादा पडल्या. शेळीला घातल्या. मनुबाई म्हणाली, बनाक्का, जाऊन ये की. मी म्हणाले, मला इथं काम काय कमी हाय. ती म्हणाली, कुठलं. मी म्हणाले, हाय की.

१९ जून, शनिवार, सकाळी नऊ
दीक्षासाठी शेंगदाण्याचे लाडू केलेत. एसटीच्या कंडक्टरजवळ पिशवी देते, कपिल साताऱ्याच्या स्टँडवर उतरवून घेईल. मी जात न्हाई. शेळी एका दिवसापुरती मनुबाईकडं बांधलीया, ती मला स्टँडवरनं घरी यायला उशीर झाला तर म्हणून.

त्याच दिवशी, गाडीत
कंडक्टर म्हणाला, मावशी, पिशवीबरोबर माणूस पायजे, नुसती न्हाई घेत. म्हणून बसले. इस्लामपूरला कुणी ओळखीचं भेटलं की त्याच्याकडं देऊन उतरते.

इस्लामपूर
ओळखीचं कुणी न्हाई. दोन माणसं ओळखीची होती, पण त्यांच्यावर लाडवाचा भरवसा न्हाई.

कराड
उतरणार होते. खिडकीची जागा मिळालीया. अशी जागा सोडून कुणी उतरतं का.

उंब्रज
आता पुढं थोडंच राह्यलंय. पिशवी देऊन तशीच माघारी फिरते. चहा पण घेणार न्हाई.

रात्री, सातारा
चहा घेतला. दीक्षा पळत आली, पिशवीवरच झडप. लाडू वर होते. खाली माझी तीन लुगडी, चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि उशी निघाली. कपिल उशीकडं बघत उभा राहिला. ती आत कशी आली मला खरंच ठाऊक न्हाई, घाईत भरली असंल. स्वप्ना पुढं आली. लुगडी घेतली आणि दांडीवर आपल्या साड्यांशेजारी टाकली.
उद्या माघारी जाते. उद्या रविवार, गाडीला लय गर्दी. सोमवारी बघू.