हेमलताने सोडलेल्या जागा

३ ऑगस्ट, सकाळी ७
मागच्या वर्षी हेमलता गेली आणि तिचं नाटक अर्धवट राहिलं. यंदा मंडळाच्या गणेशोत्सवात तेच करताहेत. नवऱ्याचा रोल मी मागून घेतला. निदान एवढं. तिचं एकही नाटक धड पाहिलं नाही. फॅक्टरीत शिफ्ट असायची. (शेवटची सहा वर्षं रिटायर्ड होतो. ते वेगळं.)

५ ऑगस्ट
मुलाने, अनिमेषने, पुण्याहून फोनवर सांगून अभिनय शिकवणारं ॲप टाकून घेतलं. कॅमेऱ्यासमोर बोलायचं, ते मार्क देतं. बायको गेल्याचा प्रवेश केला. दुःख ३४ टक्के. खोलीत उजेड कमी.

६ ऑगस्ट
सदरच्या बाजारातून मोठा बल्ब आणला. दुःख २९.

७ ऑगस्ट
ॲप काढलं. परदेशी असणार.
हेमलताच्या फोनमध्ये तालमीचं रेकॉर्डिंग सापडलं. नवऱ्याची वाक्यं तिनंच म्हटलीत आणि स्वतःच्या वाक्यांसाठी जागा सोडल्यात. मला म्हणायची, मोठ्या प्रवेशात समोरचं तेवढं वाचून द्या हो, पंधरा मिनिटं. मी म्हणायचो, काहून मागे लागून राहिली, फोनमध्ये टेप कर. म्हणजे युक्ती माझीच.

११ ऑगस्ट
रोज दोन तास तिच्यासोबत. रिकाम्या जागा ऐकवत नाहीत, म्हणून तिची वाक्यं मी म्हणतो. रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी कुकरची शिट्टी होते आणि मी विचारतो, भाजी कसली. ती म्हणते, थांबा ना, टेप सुरू आहे.
तालमीला गेलो नाही. दिग्दर्शक रत्नाकरला कळवलं, घरी तयारी जोरात.

१७ ऑगस्ट
पहिली पूर्ण तालीम. हेमलताचा रोल आता सुखदाकडे. तिने तोंड उघडायच्या आत तिचं वाक्य मी म्हणून टाकलं. रत्नाकर म्हणाला, चलो, फिर से. पुन्हा तेच. माझं वाक्य आलं की मी गप्प, दुसरं कोणी म्हणेल म्हणून वाट पाहत. सुखदा म्हणाली, काका, तुम्हाला तर काकूंचा रोल पाठ आहे. सगळे हसले. मीही.
झोप नीट झाली नव्हती.

१८ ऑगस्ट
रत्नाकर घरी आला. म्हणाला, नीलकंठजी, वाईट नका मानू, दिवस कमी आहेत, तो रोल आता मंडळातला श्रीरंग करून राहिला. म्हटलं, मीच सोडणार होतो, गुडघा दुखतो. जाताना त्यानं मला प्रॉम्प्टिंग दिलं.

२० ऑगस्ट
विंगेत खुर्ची, हातात हेमलताची नाटकाची वही. जो अडेल त्याला वाक्य वाचून द्यायचं. जमलं. अवघड काही नाही.
तिचा मोठा प्रवेश सुरू झाला तेव्हा घड्याळ पाहिलं. संपला तेव्हा पुन्हा पाहिलं.
चौदा मिनिटं.