रांजणातल्या अळ्या आणि अंगणात विचारलेला प्रश्न

प्रति,
मा. तालुका प्रमुख,
थुंग बुआ तालुका कार्यालय, प्रांत नाखोन पाथोम.

विषय : फायटर माशांच्या पिलांचे खाद्य नष्ट करून त्यांची वाढ खुंटविल्याबाबत व अर्जदाराचा नातीसमक्ष अपमान केल्याबाबत.
संदर्भ : आपल्याच इमारतीतील दोन खात्यांची, एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन पत्रके.

महोदय,

अर्जदार बुप्फा खेमतोंग ही सासऱ्यांच्या काळापासून फायटर मासे वाढविते. अर्ज शांत चित्ताने लिहावा, असे शेजाऱ्यांनी सुचविले होते. ते जमलेले नाही.

१) मत्स्य खात्याचे पत्रक म्हणते की, पिलांना नुसत्या गोळ्या देऊ नयेत, डासांच्या अळ्याही द्याव्यात, त्याने अंग भरते, शेपूट फुलते, रंग चढतो. त्यासाठीच अंगणात अळ्यांचे रांजण आहेत. अर्जदार रोज पहाटे ते गाळते; पंख फुटेपर्यंत एकही अळी राहू देत नाही.

२) आरोग्य खात्याचे पत्रक म्हणते की, साठलेल्या पाण्यात एकही अळी ठेवू नये. त्यानुसार आरोग्य निरीक्षक श्री. विरात यांनी डेंग्यूच्या मोहिमेत त्या रांजणांत अळ्या मारणाऱ्या औषधाची वाळू ओतली. तालुका कार्यालयामागील तुंबलेल्या गटारात मात्र चिमूटभरही टाकली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. पिले गोळ्यांवर राहिली. पोटे सुटली, शेपट्या आखूड राहिल्या. बाटल्यांमधला आडोशाचा पुठ्ठा काढला तरी शेजारच्या बाटलीतला मासा बघून कल्लेसुद्धा फुगवीत नाहीत. बँकॉकचा व्यापारी म्हणाला, "आजी, हे फायटर आहेत की बेडकाची पिल्लं?" त्यांपैकी एक बाटलीत घालून सोबत जोडले आहे. वरच्या मजल्यावर मत्स्य खात्यात सांगण्यात आले, "वाळू आमची नव्हे." खालच्या मजल्यावर आरोग्य खात्यात, "माशांचं पत्रक आमचं नव्हे." आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना!

३) हेही अर्जदाराने गिळले असते. परंतु वाळू ओतताना श्री. विरात हसून म्हणाले, "काय आजी, नात प्यारी की मासे?" नात फाई, वय वर्षे सात, तेथेच उभी होती. गेल्या पावसाळ्यात तिलाच डेंग्यू झाला होता. अर्जदार इस्पितळात तिच्या खाटेखाली चटईवर निजत होती. रोज रांजण गाळण्याचा नेम तेव्हापासूनचा आहे. त्या वेळी श्री. विरात कोठे होते, हे अर्जदारास ठाऊक नाही.

तेव्हापासून मुलगी विचारते, "आजी, तू सांगितलंच नाहीस. मी की मासे?" "तूच गं," म्हटले की म्हणते, "मग रांजण का ठेवलेस?" अर्जदारास अतोनात संताप आलेला आहे, याची नोंद घ्यावी.

४) पिलांची भरपाई अर्जदार मागत नाही. वाढीच्या वयात जे पोटात गेले नाही, ते मागाहून कितीही घातले तरी भरून येत नाही. मागणी एकच : श्री. विरात यांनी स्वतः अंगणात यावे, मुलीसमोर खाली बसावे आणि आपण आजीला विचारले ते चुकीचे होते, असे तिला सांगावे. आमचे सांगून झाले. तिला ते खरे वाटत नाही.

उत्तराची वाट पाहणारी, परंतु आता नम्र न राहिलेली,
बुप्फा खेमतोंग
१२ जून, बुद्धसंवत २५६७