तळ्याच्या मातीचं सर्किट

माय, तू गेल्याला इतकी वर्षं झाली आणि आज तुला लिहायला बसले आहे ते मातीबद्दल. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सायबीण झालीस अन् फिरून चिखलातच आलीस का?" हो, आले. मी मातीच्या पातळ पाट्या थापते, भाजते आणि त्यांच्यावरून वीज खेळवते. रेडिओ उघडला की आत एक पाटी दिसते ना, जिच्यावर सगळे बारीकसारीक भाग बसवलेले असतात, तिला सर्किट बोर्ड म्हणतात. कारखान्यात तो रसायनं आणि तांब्याच्या पत्र्यापासून बनतो. मी तो आपल्या तळ्याच्या मातीपासून हाताने बनवते. लोक याला कला म्हणतात. काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी नुकती शाळेत जाऊ लागले होते. निलंग्याकडच्या आपल्या गावाबाहेर दुष्काळी कामावर तळं खोदणं चाललं होतं आणि तू सकाळीच टोपली घेऊन जायचीस. एका दुपारी मी घागरीतलं तांब्याभर पाणी घेतलं, चुलीपाशी ठेवलेल्या मातीत कालवलं आणि सरपंचाच्या घरी होता तसला रेडिओ करायला बसले. बटणांच्या जागी चिंचोके खोचले. अजून दिसतंय मला, तू दारात उभी आहेस, डोक्यावरची चुंबळ तशीच, पापण्यांवर धूळ. आधी तुझी नजर घागरीकडे जाते, मग माझ्या हातांकडे.

"प्यायाला पाणी न्हाई अन् तू चिखल खेळायलीस?"

तू मारलं नाहीस. भिंतीला टेकून खाली बसलीस आणि घागर कलती करून उरलेलं पाणी बघितलंस. मार परवडला असता असं मला वाटलं. मी तो रेडिओ मोडून माती पुन्हा चुलीपाशी लोटली.

मग काही दिवसांनी तू कामावरून आलीस ती पदराच्या टोकाला काहीतरी जड बांधून. सोडलंस तर आत पिवळसर मातीचा गोळा, ओला, लोण्यासारखा मऊ. "घे. लई खोलातली हाय. हिला पाणी लागत न्हाई," म्हणालीस. खणता खणता तळाशी लागलेली ती माती तू मुकादमाची नजर चुकवून आणली होतीस. मी नवा रेडिओ केला. तू जेवण झाल्यावर त्याचं बटण बोटानं दाबलंस आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "लाव की बातम्या." मी बातम्या सांगितल्या. पाऊस पडला, असं सांगितलं. तू हसलीस.

त्या कामावर पाण्याची दोन पिंपं असायची, त्यातलं एक आपल्या वस्तीच्या बायांसाठी वेगळं. ते उन्हात असायचं, दुसरं लिंबाखाली. तू हे मला कधी सांगितलं नाहीस, मी तुला भाकरी द्यायला यायचे तेव्हा पाहिलं. पुढं तळं भरलं आणि साऱ्या गावाच्या विहिरींना पाणी सुटलं. तू काठावर उभी राहून म्हणालीस, "आता करा म्हणावं वेगळं."

मग लातूर जिल्हा झाला. मी मॅट्रिक झाले होते आणि पुढच्या शिक्षणाची चौकशी करायला आपण दोघी एसटीनं लातूरला गेलो होतो. गावभर कमानी, दुकानांवर नव्या पाट्या, कुणीतरी तुझ्या हातावर पेढा ठेवला. तू तो अर्धा मोडून मला दिलास आणि विचारलंस, "जिल्हा आला म्हंजे नेमकं काय आलं गं?"

"कचेऱ्या येतील, कॉलेजं येतील."

"अन् पाणी?"

उत्तराची वाट न बघता तू पेढा खात पुढं निघालीस. नव्या जिल्ह्याबरोबर नवे वर्ग निघाले, त्यातल्या एकात मला इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला. वर्गात मुली थोड्या आणि आपल्या वस्तीतली मी एकटीच. पहिल्या दिवशी सोल्डरिंगची तापलेली कांडी हातात घेतली तेव्हा मला चुलीतलं लाकूड धरल्यासारखंच वाटलं, भीती वाटली नाही.

नांदेडच्या एका तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा तू मला बघायला आली होतीस. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्यास, मी नको म्हणाले तरी. बोर्ड कसा करतात ते मी तुला दाखवलं. तांब्याचा पत्रा चढवलेली पाटी घ्यायची, तिच्यावर रेघा रंगवायच्या आणि ती तपकिरी आम्लात बुडवायची. उघडं तांबं आम्ल खाऊन टाकतं, रंगाखालचं तेवढं राहतं. मग पाटी भरपूर पाण्यानं धुवायची. तू त्यातलं काही ऐकलं नाहीस. तू माझा हात धरून बोटं बघत होतीस. आम्लानं ती कायमची पिवळी पडली होती.

"हे काय करून घेतलंस हाताला? हळद खेळल्यावानी?"

"काही होत नाही गं माय, डाग हाय नुसता."

"धुतल्यावर जात न्हाई म्हंजे नुसता न्हाई," म्हणालीस आणि संध्याकाळी खोलीवर लिंबू चोळत बसलीस. डाग गेला नाही. पण तुझ्या दोन्ही तळव्यांत माझा हात तेवढा वेळ राहिला. त्यानंतर दोनच पावसाळे तू होतीस. तुझं दुखणं लांबलं नाही, एवढंच बरं.

पुढं माझी बदली लातूरला झाली आणि तू पाहिला नाहीस असा एक दुष्काळ मी तिथं पाहिला. शहराला आगगाडीनं पाणी आलं, माय. नळ कोरडे पडले होते, टँकरभोवती घागरींच्या रांगा लागायच्या. संस्थेला मात्र प्रयोगासाठी थोडं पाणी मिळत होतं, कारण परीक्षा होत्या. आम्ही बोर्ड धुवायचो आणि धुतलेलं पाणी मागच्या पिंपात साठवायचो. एका सकाळी मागच्या वस्तीतली एक बाई कळशी घेऊन दारात आली. माझ्याच वयाची असेल.

"बाई, त्या पिंपातलं द्या. प्यायाला न्हाई, भांडी घासायला."

"त्यात आम्ल हाय, ताई. तांबं हाय. हात लावू नका."

"पाणीच हाय की ते. दिसायलंय मला."

मी परत सांगितलं. पाट्या दाखवल्या, माझी बोटं दाखवली. तिला ते पटलं नाही. मी खोटं बोलून पाणी राखते आहे असं तिला वाटत होतं, आणि तिच्या जागी मला तरी दुसरं काय वाटलं असतं? ती रिकामी कळशी कमरेवर घेऊन गेली. मी पिंपाशी उभी राहिले. इतक्या वर्षांत मी किती पाणी असं करून ठेवलं की ते कुणालाच देता येऊ नये, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आला आणि मग निघेना. त्याच आठवड्यात मी वरिष्ठांना सांगून आम्लाचे प्रयोग थांबवले. ते म्हणाले, परीक्षेपुरती तयार पाटी बाजारातून आणा. आणली. पण माझ्या हातांना स्वस्थता नव्हती.

रविवारी गावाला गेले. तळं आटलं होतं आणि मोठमोठ्या भेगा पडल्या होत्या. लोक ट्रॅक्टर लावून गाळ काढत होते. मी एका खड्ड्यात उतरले आणि खुरप्यानं खणत गेले. बऱ्याच खाली तीच पिवळसर माती लागली आणि ती ओली होती. साऱ्या तालुक्यात पाणी नव्हतं आणि ही ओली होती. मी तिथंच बसून रडले. मग पिशवी भरली.

गावातल्या कुंभारणीला तू ओळखायचीस, तिची धाकटी सून आता म्हातारी झाली आहे, तिला सगळे आक्का म्हणतात. तिच्याकडं गेले. मातीची वीतभर पाटी करायची, तिच्यात रेघा कोरायच्या, भाजायची, रेघांत चांदी भरायची आणि त्या चांदीतून वीज न्यायची, असं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशापायी?"

"बघायचंय, जमतं का."

"मंग करू," म्हणाली. दुष्काळात तिच्या भट्टीला काम नव्हतं आणि माणसाला काहीतरी करत राहावंसं वाटतं.

पहिल्या पाट्या वाळतानाच वाकल्या. पुढच्या आगीत तडकल्या, काही तर फटाक्यासारख्या फुटल्या. आक्कानं मातीत लीद मिसळून बघितली, मी फुटक्या खापराची भुकटी मिसळून बघितली, दोन्ही मिसळल्यावर पाटी टिकायला लागली. चांदी सोनाराकडून आणली, घासताना त्याच्या पाटावर पडते ती भुकटी. ती डिंकात कालवून बारीक कुंचल्यानं कोरलेल्या रेघांत भरायची आणि पाटी पुन्हा आगीत घालायची. डिंक जळतो, चांदी धरून राहते. तडा रेघेवरून गेला की वीज तिथंच थांबते, मग सगळं पहिल्यापासून. आठवडे असेच गेले. मी दर शनिवारी एसटीनं गावाला जायचे, सोमवारी परत. घरचे म्हणाले, पन्नाशीला आलीस, हे काय आरंभलंस? आक्का मात्र प्रत्येक फुटलेली पाटी हातात घेऊन निरखायची आणि म्हणायची, "मागच्यापेक्षा हिनं जास्त दम धरला."

एक पाटी अखेर शाबूत निघाली. काळपट लाल, कडेला धुराचा पट्टा, मधून चांदीच्या रेघा. मी तिच्यावर एक छोटी चिप, दोन-चार भाग आणि बारका स्पीकर बसवला. दोन रेघा मुद्दाम उघड्या ठेवल्या. एकीवर एक बोट, दुसरीवर दुसरं ठेवलं की वीज माणसाच्या अंगातून फिरते आणि स्पीकर गुणगुणतो. हात कोरडा असेल तर सूर खाली, ओला असेल तर वर. ही पाटी फुटली तर खापर होईल, आणखी काही नाही. तिला धुवावं लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात लातूरला एका सभागृहात अशा बऱ्याच पाट्या मांडल्या. एका गृहस्थांनी विचारलं, याचा उपयोग काय. मी म्हणाले, अजून सापडला नाही. त्यांनी मान हलवली, पण जाताना बोटं ठेवून गेले. आक्का धुवट लुगडं नेसून आली होती. ती लांबूनच बघत होती, तिला हात लावायला संकोच वाटत होता, स्वतः भाजलेल्या पाट्यांना. मी तिचा हात धरून पाटीवर ठेवला. पाटी गुणगुणली. आक्कानं दचकून हात काढला, मग हसली, मग आपणहून परत ठेवला आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"बाईमाणूस ओव्या म्हणतंय जणू," म्हणाली. "पर तू हा खुंटा सारखा काय पिळायलीस? चांगलं तर वाजतंय."

मी काहीतरी उत्तर दिलं. चिपच्या शेजारी एक छोटा खुंटा असतो, तो फिरवला की सूर जाड-बारीक होतो. प्रत्येक पाटी झाली की मी तो फिरवत बसते, पुष्कळ वेळ, आणि मग कंटाळून कुठंतरी सोडून देते.

आक्काला सांगितलं नाही ते तुला सांगते, हे पत्र कुठं जाणार नाही म्हणून. तुझं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं, वर लिहिलं ते सगळं तसंच आठवलं म्हणून लिहिलं. पण तुझा आवाज मला आठवत नाही, माय. जाड होता की बारीक, एवढंसुद्धा नाही. खुंटा फिरवताना एखाद्या ठिकाणी ओळखू येईल असं वाटतं. अजून आला नाही.