एकतीस मामा आणि एक व्याही

निंबर्गा मुक्कामी वयानं आणि मानानं मोठे असलेले श्रीमंतअण्णा यांना भालकीहून लिंगाप्पाचा हात जोडून नमस्कार. इकडं सगळे ठीक आहेत, एक तुमची बहीण बाणू सोडून. तशी तिची तब्येत चांगली आहे, पण आठ दिवस झाले ती माझ्याशी बोलत न्हाई. तुमचा गुडघा कसा आहे? (बांगड्यावाली शांतम्मा सांगत होती, माझं नाव निघालं की ठणकतोय.) तुम्ही रुसलाव हेही तिच्याच तोंडून कळलं. ‘भाचीला सून करून घ्यायला निघालो, तर बहिणीनं भाऊच पुसून टाकला की!’ असं तुम्ही कट्ट्यावर म्हणालाव म्हणे. अण्णा, पुसलं हे खरं. पण बहिणीनं न्हाई. कुणी पुसलं ते सविस्तर लिहितो.

मी दहावी नापास, हे तुम्हाला सोयरीक जमतानाच ठाऊक होतं. बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं, आणि आता त्याच दुकानावर ‘येथे ॲप बनवून मिळेल’ अशी पाटी आहे. मला प्रोग्राम लिहिता येत न्हाई, आणि गिऱ्हाइकानं तसं कधी विचारलंही न्हाई. एआयला आपण नुस्तं सांगायचं काय पायजे ते. ते लिहितंय, आपण चालवून बघायचं, मोडलं की रागवायचं, ते माफी मागतंय आणि दुसरीकडं मोडतंय. (गवंड्याकडून घर बांधून घेतलेल्या माणसाला यात नवीन काही न्हाई.) स्वभाव मात्र गोड. काहीही सांगा, ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ म्हणतंय. निवडणुकीला उभारलेला माणूसही इतका गोड बोलत न्हाई, आणि तो निकालानंतर तरी थांबतोय. मागच्या साली मी मेंढ्यांचं ॲप केलं. दोनशे चौदा मेंढ्या, प्रत्येकीचा कानाचा नंबर, वय, लोकर. आजतागायत एकही मेंढी रुसली न्हाई. त्यातूनच मला हिंमत आली, हे लक्षात घ्या.

तर आपल्या श्रीदेवीचं लग्न तुमच्या रविकुमारशी ठरलं, तसा मी आमंत्रणाचा डेटाबेस करायला घेतला. नाव, गाव, नातं, पत्रिका कोण देणार, आणि मान काय: फेटा, लुगडं का टॉवेल-टोपी. सहाशे चाळीस नावं मी तोंडानं सांगितली, एआयनं निमूट लिहून घेतली. घोडं अडलं ते नात्याच्या रकान्यात. त्याच्या डोक्यात एका माणसाला एकच नातं. आपल्याकडं मामाच्या पोराला पोरगी द्यायची रीत, त्यामुळं एकच माणूस नवरीचा मामा आणि नवऱ्याचा बाप असतोय, त्याला दोन पत्रिका जातात, दोन मान जातात, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं ‘श्रीमंत, निंबर्गा’ दोनदा बघितलं, एक ठेवलं, एक काढलं. व्याही राहिले, मामा गेला. तुमच्या दारात एकच पत्रिका आली ती अशी. तुम्ही दुसरीची वाट बघत दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसून होताव, हेही मी ऐकलंय.

मग मी त्याला खडसावून सांगितलं, निंबर्ग्याच्या मामाला परत आण. ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ म्हणालं, आणि तुम्हाला सोडून निंबर्ग्याच्या यादीतल्या सगळ्यांना मामा करून टाकलं. एकतीस! पोस्टमन मामा, पिठाच्या गिरणीवाला मामा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असलेला शाळामास्तर मामा. सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप गेला, ‘मामा, तुमच्याशिवाय हळद लागणार न्हाई, शनिवारीच या.’ न्हाई म्हणणारा एकही निघाला न्हाई. एका रिटायर कंडक्टरनं तर भाचीसाठी लुगडं घेतलंय, रंग कोणता चालंल म्हणून विचारायलाय. बाणूनं ते ऐकलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं, ‘एकतीस मामा आले, माझा भाऊ कुठाय?’ मग माझ्या हातातला मोबाइल घेऊन त्यालाच झाडलं. ते म्हणालं, मला तुमच्या भावना समजतात. ही म्हणाली, ‘भावना ठेव तुझ्याजवळ, भाऊ पाठव.’ तिथं मात्र ते ‘अगदी बरोबर आहे’ म्हणालं न्हाई.

असो. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, गुडघ्याला एरंडेल चोळा. मामाची पत्रिका सोबत जोडली आहे.

तुमचा,
लिंगाप्पा

ता. क. खरं मागणं असं की शनिवारी हळदीला या, आणि रविवारी अक्षता पडताना श्रीदेवीच्या पाठीशी उभारा. मामाच्या जागी दुसरा कुणी चालणार न्हाई, आणि पोस्टमन तर मुळीच न्हाई. नवऱ्याच्या बापाच्या जागी वरातीपुढं तुमच्या धाकट्या भावाला चालू द्या. एक माणूस दोन्हीकडं उभारू शकत न्हाई, एवढं त्या यंत्राचं खरं होतं.

आणखी ता. क. वर ‘त्यानं काढलं’ असं लिहिलंय, ते तितकंसं बरोबर न्हाई. त्यानं मला तीनदा विचारलं होतं, हा माणूस दोनदा आलाय, एक काढू का? दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. एक फेटा वाचंल असाही विचार मनाला शिवला. मी ‘व्हय’ दाबलं. हे बाणूला कळू देऊ नका.

अण्णा, पाकीट मी चिकटवायलेय, म्हणून वाचलं. व्हय कुणी दाबलं ते मला पहिल्याच दिवशी ठावं हुतं. चार दिस घाबरू दे म्हणून गप हुते. फेटे मी दोन आणून ठेवलेत. शनिवारी एक बांधून मामा व्हा, रातच्याला गाडी निंबर्ग्याला सोडंल, सकाळी दुसरा बांधून वरातीपुढं या. मांडवात आलाव की पोरीच्या मागं उभारा. मला ठावं हाय माणूस एकच हाय. – बाणू