सातवी गौर

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

नदीपासून घरापर्यंत एक शब्द बोलले नाही! रामघाटाच्या जरा पुढे, गर्दी कमी असते तिथून क्षिप्रेतले सात खडे उचलले, ताम्हनात ठेवले, वर रुमाल झाकला आणि शैलेंद्रच्या गाडीवर मागे बसले. आमच्याकडे गौरी म्हणजे हे खडेच. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. फक्त घरी आणताना तोंड उघडायचं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याला हा नियम पाठ नाही. "पेट्रोल भरून घेऊ का?" "दूध आहे ना घरात?" "अगं मधुरा, ऐकू येऊन राहिलंय का?" मी मागून पाठीत गुद्दे घालत होते. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. नानाखेड्याला घरी पोचेपर्यंत बिचाऱ्याची पाठ शेकून निघाली.

सासूबाई दारात वॉकर धरून उभ्या होत्या. माझ्या पायांवर पाणी घातलं, रुमाल उचलून पाहिला. "यंदा ठसठशीत आणल्यास. मागच्या वर्षी नुसते हरभरे होते." म्हणजे कौतुक! आईंचं कौतुक वर्षातून एकदा येतं, म्हणून लिहून ठेवतेय.

जीरू शेपटी हलवत पुढे आली. "हड! सोवळ्यात आहे मी." दहा वर्षं हेच चाललंय. पोह्यांवर भुरभुरतात त्या जिरावण मसाल्याच्या रंगाचं एवढंसं पिल्लू होतं, पोह्यांच्या गाडीखाली बसलेलं. शैलेंद्रनं उचलून आणलं. ती रोज आईंकडे जाते, आई रोज हाकलतात. दोघींना त्याशिवाय करमत नसावं.

१ सप्टेंबर, सोमवार

जीरूनं गौर गिळली. देवा रे!

आईंनी खड्यांना पंचामृताचं स्नान घातलं. पुसायला पंचा हवा म्हणून आत गेल्या. वॉकर घेऊन जायचं-यायचं, वेळ लागतोच. माझं घाटलं गॅसवर, ढवळणं सोडता येईना. ताम्हन पाटावर, पाट जमिनीवर. दूध, दही, तूप, मध, साखर! माणसाला मोह होईल, ती तर कुत्री. ती नुसती चाटत होती. आई दारातूनच किंचाळल्या — "अगं ए!" — आणि तिनं दचकून गट्टकन् गिळलं. सगळ्यांत मोठा खडा, आवळ्याएवढा. ठसठशीत!

तसेच दवाखान्यात. डॉक्टर इशिता तरुण आहे, शांत आहे. "आंटी, पत्थर को दूध-शहद क्यों लगाया था?" आता हिला कुठून सुरुवात करू? "बेटा, वो गौरी हैं." ती मान हलवून एक्स-रे काढायला गेली. एक्स-रेत गौर स्पष्ट दिसली, पांढरीशुभ्र. "पेट में है अभी. निकल भी सकता है. दो दिन देखते हैं. उलटी हो तो तुरंत लाना."

घरी येऊन आईंना मोबाइलवर तो फोटो दाखवला. त्यांनी आधी हात जोडले. मग बराच वेळ बघत राहिल्या. "मी ओरडले नसते तर थुंकली असती का गं?" मी म्हटलं, नाही हो. त्यांना पटलं नाही. मलाही नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज विसर्जन. आईंनी साफ नकार दिला. "सहा जणींना पाठवायचं आणि सातवीला मागे ठेवायची?"

शैलेंद्र म्हणाला, "आई, मी नदीवरून दुसरा खडा आणून देतो नं."

"तुझी बहीण जत्रेत हरवली असती तर दुसरी आणली असतीस?"

तीन दिवसांच्या माहेरवाशिणी आता मुक्काम वाढवून बसल्यात. रोज नैवेद्य! आणि मी सकाळ-संध्याकाळ कॉलनीच्या मैदानात काडी घेऊन जीरूच्या मागे. गौर सापडते का म्हणून कुत्रीची शी उकरणारी बाई उभ्या माळव्यात मी एकटीच असेन. समोरच्या कल्पनाताईंनी गच्चीवरून विचारलं, "कुछ गिर गया क्या?" मी म्हटलं, "हां, अंगूठी." खरं सांगून कोण विश्वास ठेवणार?

३ सप्टेंबर

नाही आली. जीरूनं पोळी हुंगली आणि तोंड फिरवलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळपासून उलट्या. पाणीसुद्धा ठरत नाही. पुन्हा एक्स-रे. खडा पोटातून पुढे सरकला आणि आतड्यात अडकला. ऑपरेशन करावं लागेल. "उम्र दस साल है, आंटी. रिस्क तो है. घर में बात कर लीजिए."

घरात बात केली. शैलेंद्र रडवेला झाला होता. म्हणाला, "या वयात तिला कापायचं? हाल करायचे? राहू दे, शांतपणे जाऊ दे." मला त्याचा राग आला आणि कीवही आली. तोच रोज तिच्याशेजारी बसून पेपर वाचतो.

आई खाटेवर होत्या. तिथूनच बोलल्या. "माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा डॉक्टर काय म्हणाला होता? उम्र देखते हुए सोच लीजिए. तू सोचायला वेळ घेतलास?"

"आई, ती गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? मला बोलता येतं, म्हणून? तिलाही येत असतं तर तिनं सांगितलं असतं. उद्या सकाळी न्या. मी पण येऊन राहिले."

५ सप्टेंबर, शुक्रवार

ऑपरेशन झालं. जीरू आहे. आहे!

आई खरंच आल्या. खुब्याच्या ऑपरेशनपासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, आणि आज दवाखान्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, एका बाजूला पामेरियन, दुसऱ्या बाजूला कान फाटलेली बकरी. जपमाळ चालू. बकरीनं पदर चघळायला घेतला तरी हड म्हणाल्या नाहीत.

कंपाउंडर बाहेर येऊन ओरडला, "जीरू की मम्मी कौन?" सगळ्यांना असंच विचारतात तिथे. मी उठले. आम्हाला मूल झालं नाही. पुष्कळ औषधं झाली, नवस झाले, आईंचे टोमणेही झाले. आता त्यावर घरात कुणी बोलत नाही. पण त्या एका हाकेनं माझे कान तापले. उठताना आईंकडे बघायचं टाळलं.

डॉक्टरनं स्टीलच्या वाटीत खडा आणून दिला. "आंत का थोड़ा हिस्सा काला पड़ गया था, काटना पड़ा. चार-पाँच दिन बहुत ध्यान रखना." मी तिचे हात धरले. काय बोलले, आठवत नाही. घरी आल्यावर आईंनी खडा धुतला, हळद-कुंकू लावलं, बाकीच्या सहा जणींत ठेवला. "आली बाई एकदाची," म्हणाल्या.

७ सप्टेंबर, रविवार

आज गौरी गेल्या. दुपारपासून ग्रहणाचे वेध, म्हणून सकाळीच ऑटो केली. आईंना घाटाच्या पायऱ्या जमत नाहीत, त्या ऑटोतच बसून राहिल्या. दहीभाताची शिदोरी दिली, खडे पाण्यात सोडले, येताना रीतीप्रमाणे नदीची चिमूटभर वाळू आणली. ती घरभर टाकायची असते — धान्याच्या डब्यांत, तिजोरीत. आईंनी पहिली चिमूट जीरूच्या गोधडीखाली टाकली. मग डबे.

जीरूच्या गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं. प्रत्येक दाराला धडकते आणि दाराकडेच रागानं बघते. हसून हसून पुरेवाट.

९ सप्टेंबर, मंगळवार

मऊ भात खाल्ला! थोडासाच, पण स्वतःहून. आईंच्या हातून. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांना कळलं नाही. भाताचा घास नरसाळ्यात हात घालून भरवायचा, मग बोटं पदराला पुसायची, पुन्हा घास. सोवळ्याची साडी तीच. "खा गं, खा. मी ओरडणार नाही आता."

रविवारी मामंजींचं श्राद्ध. आईंनी गुरुजींना सांगून ठेवलंय. मला म्हणाल्या, वड्यांची डाळ आणून ठेव. ते गेल्यापासून हा दिवस त्यांनी एकदाही चुकवलेला नाही. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हाही झोपून संकल्पाला हात लावला होता.

१० सप्टेंबर, बुधवार

अंग तापलंय. पोट कडक लागतंय. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर इशिता माझ्याशी बोलताना फक्त जीरूकडे बघत होती. आतले टाके धरले नसावेत, म्हणाली. पुन्हा उघडायचं तर तिच्यात ताकद नाही. "घर ले जाइए, आंटी. उसे अपने लोग चाहिए."

शैलेंद्रनं तिला गोधडीसकट उचललं. ऑटोत तिचा पंजा माझ्या हातावर होता, गरम. मी सारखी बोलत होते. पोह्यांच्या गाडीबद्दल, ती हुसकायची त्या कबुतरांबद्दल, काहीही. गप्प बसले असते तर रडले असते.

११ सप्टेंबर

आई खाटेवरून खाली उतरून तिच्याजवळ चटईवर बसल्यात. म्हटलं, उठवायला दोघं लागतील. म्हणाल्या, मला कुठे उठायचंय?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जीरू गेली. सकाळी, आईंच्या मांडीवर.

शैलेंद्र मागच्या अंगणात खड्डा खणत होता. मी आईंना धरून उठवलं. वाटलं, आता आंघोळ, देवपूजा. त्यांनी देवघराचं दार ओढून घेतलं. फोन मागितला. गुरुजींना लावला.

"पंडितजी, परसों मत आइए. श्राद्ध नहीं होगा. सूतक लगा है."

पलीकडून आवाज मला ऐकू आला — "राम राम! कौन शांत हो गया, माताजी?"

"पोती थी मेरी," आई म्हणाल्या.