खोलीतली पाण्याची स्कूटर

॥ श्री ॥
बाभई, बोरिवली
६ सप्टेंबर १९८८

ती. गुणाजीदादास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरं म्हणजे मी मोरी आणि स्कूटर यांच्या मध्ये अडकले आहे. स्कूटर रस्त्यावरची नव्हे, पाण्यावर पळणारी. मढच्या एका हॉटेलवाल्याने जुनी म्हणून भंगारात काढली, ती तुझ्या भावोजींनी उचलून आणली. कारखान्यात पत्र्यांना रंग मारून जीव घुसमटतो, देवबागच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला पाणी हवं, गोराईला लोकांना फेऱ्या मारून आणीन आणि नोकरीवर लाथ मारीन, असा ह्यांचा बेत.

गोराईचा कुंडलिक कोळी ती आपल्या झोपडीत ठेवायला तयार आहे, पण चालती आण म्हणतो, मुडदा नको. चाळीत बाहेर ठेवली तर पोरं एकेक स्क्रू काढून नेतील. म्हणून ती आमच्या एका खोलीत. दार अर्धंच उघडतं आणि मी तिरकी होऊन आत शिरते. हातभर अंतरावर माझा स्टोव्ह, म्हणून पेट्रोल तेवढं काढून टाकायला लावलंय.

गंमत अशी की घरी बटण दाबलं तर इंजिन घुर्रकन फिरतं. रविवारी रीतसर देवाला गाऱ्हाणं घालून, नारळ फोडून, हातगाडीवरून खाडीवर नेली, पेट्रोल घातलं, की नुसतं टक् करते आणि गप्प. माहेरी बोलकी, सासरी मुकी.

मला हसू आलं असतं, पण दसऱ्यानंतर लता पहिल्या बाळंतपणाला यायची आहे. बाज कुठे टाकू? तिच्या पार्ल्याच्या विहीणबाई परवा गोड आवाजात म्हणाल्या की तुमच्याकडे जागेची अडचण दिसते, राहू दे तिला इथंच. ते 'राहू दे' माझ्या काळजाला लागलंय. ह्यांनी देवापुढे शब्द दिला की दसऱ्यापर्यंत पाण्यात चालली नाही तर भंगारवाल्याला देईन. शब्द दिला त्या दिवसापासून ह्यांचं जेवण निम्मं झालंय. तू मालवणात लाँचींची वायरिंग करतोस, काय ते कळव.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला त्यासोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
मालन


मालवण
१७ सप्टेंबर १९८८

चि. सौ. मालन हिस,
गुणाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी आधी पोट धरधरून हसली, मग म्हणाली की पहिलटकरणीला मालन निजवणार कुठे. तेव्हा हे नीट वाच आणि तूच कर. सहदेव भावोजींच्या हातात पाना दिला की ते यंत्राशी भांडायला उठतात, हे मी तुमच्या लग्नापासून पाहतोय.

मोटारसायकलचा एक बल्ब आण, त्याला दोन वायरी जोड. एक वायर बॅटरीच्या उण्या टोकाला कायमची ठेव. दुसरी आधी अधिक टोकाला लाव, मग फ्यूजच्या पलीकडे, मग स्टार्टरच्या रिलेला. रिले म्हणजे पुढच्या पेटीतली ती डबी, जिथून टक् आवाज येतो. एकाने बटण दाबून धरायचं. बल्ब जिथे मंद होईल, तिथे वीज अडकली आहे.

हँडलजवळ लाल दोरीला एक चिमटा असेल. तो बसवल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायचं. माणूस पाण्यात पडला की चिमटा निघतो आणि यंत्र थांबतं, त्याला सोडून पुढे जात नाही. ती दोरी हरवू नको.

आणि पेटीला हात लावण्याआधी भावोजींना गाऱ्हाणं घालायला सांग. नारळाची कंजुषी नको. देवाला विचारल्याशिवाय मी सुद्धा कुठली वायर सोडवत नाही.

लताला जपायला सांग. माया आहे ती आहेच, पत्राला उशीर झाला म्हणून कमी धरू नये.

तुझा,
दादा


बाभई, बोरिवली
२७ सप्टेंबर १९८८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बल्ब आणला, वायरी जोडल्या. ह्यांनी बटण दाबलं आणि मी एकेक टोक धरत गेले. सगळीकडे लखलखीत. दादा, वायरीतून वीज माझ्या हाताच्या सांगण्यावरून पुढे जातेय असं वाटून मला उगाच आनंद झाला. लाल दोरी देव्हाऱ्याच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे, म्हणजे हरवायला नको.

पण रविवारी खाडीवर पुन्हा टक्. बघे जमले होते. कुणी म्हणालं, काका, हिला पॅडल मारा. हे हातगाडी ओढत परत आले, ते आजतागायत धड बोललेले नाहीत. कामावरून येतात, चहा घेतात आणि स्कूटरवर चढून बसतात. दोन्ही हात हँडलवर आणि तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मी मागे भाकऱ्या थापते आणि पुढ्यात हा माणूस कॅलेंडरवर स्वार.

काल माझा तोल गेला. मी ओरडले की भिंतीतून समुद्र निघणार आहे का. त्यांनी मागे वळून सुद्धा पाहिलं नाही, हळूच म्हणाले की कारखान्यात पण समोर भिंतच असते, इथे निदान बसायला मिळतं. दादा, मला ह्या यंत्राचा राग येतो आणि ह्या माणसाची दया येते, आणि दोन्ही या खोलीत मावत नाही. लताला आठवा लागलाय म्हणे. लवकर काही सुचव.

रागावले असले तरी लोभ राखावा.

तुझी,
मालन


मालवण
५ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. मालन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरी चालते आणि खाडीवर अडते, तर दोष यंत्रात कमी आणि वाटेत जास्त. मला हातगाडीच्या धक्क्यांचा संशय आहे. बॅटरीची उणी वायर इंजिनाला जिथे कसली आहे तो बोल्ट सोडव, घासून चकचकीत कर, पुन्हा आवळ, वरून व्हॅसलीन लाव. गाडीवर खाली जुनी गोधडी घाला.

तरी नाही झालं तर रविवारी उठल्यापासून खाडीला पोचेपर्यंत तुम्ही काय काय करता ते सगळं लिही, अगदी फालतूसुद्धा. भावोजींना सांग, बिनसमुद्राचा देवबागकर मीही पाहिलेला नाही. त्यांना टाकून बोलू नको.

आमच्या मायेत खंड नाही, हे जाणून असावे.

दादा


बाभई, बोरिवली
१५ ऑक्टोबर १९८८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बोल्ट घासला, गोधडी घातली, गेल्या रविवारी तरीही टक्. भंगारवाला येऊन बघून गेला. हे स्कूटरवरून उतरून बाहेर जाऊन उभे राहिले.

मग तू म्हणालास तसं सगळं लिहायला बसले. आंघोळ, चहा, हातगाडी आणायला जाणं, सगळं. लिहिता लिहिता पाहते तर लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून स्कूटरच्या नाकावरून पुढच्या पेटीत शिरतेय. मुंग्यांना बॅटरीचं काय कौतुक? झाकण काढलं. बल्ब लावला तेव्हा माझी नजर बल्बवरच होती, आता पाहिलं तर आत रिलेच्या टोकांना हिरवं कीट धरलेलं आणि तळाशी चिकट, आंबूस वासाचा थर. बोट लावून जिभेला लावलं आणि डोक्याला हात मारला.

नारळाचं पाणी, दादा! दर रविवारी हे गाऱ्हाणं घालतात, सगळ्या देवांना हाका मारतात आणि नाकावरच्या लोखंडी कडीवर नारळ फोडतात. झाकणाचं रबर कधीचंच गेलेलं, पाणी थेट आत. आठवड्यात सुकतं, मग ती घरी बोलते. मी यादीत चहासुद्धा लिहीत होते, नारळ मात्र लिहिला नव्हता. तो काय लिहायचा? आणि पेटी उघडण्याआधी नारळाची कंजुषी नको म्हणणारा शहाणा कोण, ते तुझं तू आठव.

टोकं घासली, सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. पण ह्यांना अजून सांगितलेलं नाही. गाऱ्हाण्याशिवाय हा माणूस दाढीला बसत नाही. देवाला दिलेल्या नारळानेच वाट लावली, हे कुठल्या तोंडाने सांगू? उद्या दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार. तुझं उत्तर यायच्या आत व्हायचं ते होऊन जाईल. उद्या मीही खाडीवर जाणार.

लोभाची आज फार गरज आहे.

मालन


बाभई, बोरिवली
३० ऑक्टोबर १९८८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लता आली. खोलीत मधोमध बाज टाकली आहे, दार सताड उघडतं. विहीणबाई स्वतः सोडायला आल्या, इकडेतिकडे पाहून म्हणाल्या की ऐसपैस आहे हो.

त्या रविवारी नारळ मी पदराखाली धरून ठेवला आणि खाडीवर गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे लाल झाले. म्हणाले, देवाचा नारळ कधी वाईट करतो का. मी म्हटलं, देवाचा नारळ देवाला द्या, बॅटरीला कशाला पाजता. मग धक्क्याच्या दगडापाशी गेले, हात जोडले, पण शब्दच फुटेना. शेवटी मी पुढे झाले. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आपल्यात रीत नाही, ठाऊक आहे. तरी घातलं. देवबागच्या आणि मालवणच्या सगळ्या देवांची नावं घेतली, लेक सुखरूप सुटू दे म्हटलं, ह्या माणसाला भिंतीतून बाहेर काढ म्हटलं. मागून 'व्हय म्हाराजा' अशी साथ द्यायला कुणीच नव्हतं, तर धक्क्यावर आलेल्या कुंडलिकनेच मोठ्याने म्हटलं. नारळ दगडावर फुटला.

स्कूटर पहिल्या बटणाला सुरू झाली. हे गेले ते खाडीच्या तोंडापर्यंत, ठिपक्याएवढे झाले. वाटलं, हे आता तसेच देवबागला जातात. परत आले तेव्हा चेहरा भिजलेला होता, कशाने ते मी विचारलं नाही. यंत्र कुंडलिककडे राहिलं. नोकरीवर लाथ अजून बसलेली नाही, हे रोज कारखान्यात जातात, पण घरी आले की आता माझ्याकडे तोंड करून चहा पितात.

घरी आल्यावर एक लक्षात आलं. सगळ्यांसाठी मागितलं आणि माझ्यासाठी मागायचं राहिलं. खोली मोकळी झाली, पण मोरी, स्टोव्ह आणि बाज यांच्यामध्ये मी आहे तिथेच आहे. म्हणून लाल दोरी काही कुंडलिककडे दिलेली नाही. ती देव्हाऱ्याच्या खिळ्यालाच आहे आणि दर रविवारी ह्यांना ती माझ्याकडून मागून न्यावी लागते. लताचं बाळंतपण आणि सव्वा महिना पार पडला की ती मी माझ्या मनगटाला बांधणार, मी पुढे आणि हे मागे, असं सांगून ठेवलंय. हे म्हणाले, तुला पोहता कुठे येतं. मी म्हटलं, दादाने लिहिलंय, माणूस पडला तर ते थांबतं, सोडून पुढे जात नाही.

लोभ असावा, आणि नारळ लांबच फोडावा.

तुझी,
मालन