दुर्बिणीला लग्नाचं आवतण

मु. दिघाशी, ता. भिवंडी
२९ फेब्रुवारी २००४

चिरंजीव प्रितेश,

तुला लडकूमामाचा आणि पार्वतीमामीचा आशीर्वाद पोचो. माझे गुडघे सोडले तर इथे सगळं जागच्या जागी आहे. (गुडघेही जागीच आहेत, म्हणून तर उठता येत नाही.) तिकडे दारातला बर्फ फावड्याने ओढावा लागतो म्हणालास, तर कमरेला जप. फावडं मारताना कमरेतून नव्हे, गुडघ्यातून वाकावं, हे मी जन्मभर पाळलं. त्याचं फळ वर सांगितलंच. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि मला वाटतं बोलणं झालं. पत्राला मध्येच हो म्हणता येत नाही.

तर गेल्या आठवड्यात पडघ्याच्या बाजारात वडे घेतले, त्याच्या कागदावर तुझ्या ऑफिसची बातमी निघाली. ती हबल नावाची दुर्बीण, जिच्या फोटोंची कपाटं तू कॉम्प्युटरवर लावतोस, तिला आता दुरुस्त करायला कोणी वर जाणार नाही म्हणे. तोल सांभाळणारे भोवरे झिजले, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. गेल्या साली ते यान मोडून सात माणसं गेली, त्यात आपली एक पोर होती, त्यामुळे साहेब लोक माणूस पाठवायला धजत नाहीत. हे मला पटलं. माणसापुढे लोखंड काय! पण ती दुर्बीण आहे सहाशे किलोमीटरवर. प्रितेश, दिघाशीपासून नागपूर त्याहून लांब आहे रे! आणि हिला लहानपणीच अंधुक दिसायचं, तेव्हा तीन वर्षांनी का होईना, माणसं वर जाऊन चष्मा लावून आली होती ना? माझ्या मोतीबिंदूला इथल्या डॉक्टरांनी पाच वर्षं लावली, आणि मी तर ओटीवरच बसलो होतो.

वडे खाऊन मी कागद घडी करून (तेल लागलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बातम्या एकदम वाचता येत होत्या) हायवेवर काळूरामच्या गॅरेजात नेला. त्याने ट्रकखालून डोकं बाहेर काढलं आणि निकाल दिला, "मामा, इंजिन चांगला हाय, निस्ता बेअरिंग गेला. चालती गाडी कोन भंगारात काढतं? टोचन करून खाली आना, मी बगतो." मी म्हटलं, टोचन लावायला वर कोण जाणार? तर म्हणतो, "तो प्रॉब्लेम तेंचा." तुमच्याकडच्या मोठ्या साहेबांची मीटिंगही याच्यापुढे गेली नसावी.

खर्चाचं म्हणशील, तर एका फेरीच्या आकड्यातली शून्यं मी बोट ठेवून मोजायला घेतली आणि अर्ध्यात वड्याचं तेल आडवं आलं. गावात सगळे विचारतात, आभाळात एवढा पैसा कशाला ओततात? विचारणारा पहिला कोण, तर आमचा कुणाल. अक्षय तृतीयेला त्याचं लग्न आहे, पडघ्याच्या करिष्माशी. त्याने डीजे ठरवलाय. डीजेला जनरेटर, जनरेटरला टेम्पो, टेम्पोला ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरला दुपारचं मटण. दुर्बिणीने निदान चौदा वर्षं चांदण्या दाखवल्या. हा डीजे चार तासांत गावदेवीच्या देवळाची कौलं दाखवील, तीसुद्धा खाली पडलेली.

आणि खरं दुखणं इथेच आहे. आपल्याकडे धवलारीण लग्नाचे धवले गाते तेव्हा लग्न लागतं, भटजी नंतर. या पंचक्रोशीतली निम्मी लग्नं तुझ्या आईने, आमच्या आक्काने, गाऊन लावली, माझंही तिनेच लावलं. (त्याबद्दल तिला दोष देत नाही, पार्वती हे वाचणार आहे.) तर कुणाल तिला म्हणतो कसा, "आत्या, तुझा धवला अर्ध्या तासात बसव. शॉर्टमध्ये." आक्का म्हणाली, "वऱ्हाडाला बी शॉर्टमध्ये जेव सांग." पण मग हळूच म्हणाली, ठीक आहे बाबा, हे माझं शेवटचं लग्न, यापुढे मी गाणार नाही. ती बोलून उठून गेली आणि कुणाल जनरेटरवाल्याला फोन लावायला बाहेर गेला. मी एकटा ओटीवर राहिलो. गुडघे.

परवा बायका हळद कुटायला बसल्या. रीत तुला माहीत आहे, आधी गाण्यातून देवांना आवतण. आक्काने गावदेवीला बोलावलं, वज्रेश्वरीला बोलावलं, एकविरेला बोलावलं, गेलेल्या पितरांना नावानिशी बोलावलं, आणि त्याच चालीवर पुढे आभाळातल्या दुर्बिणीलाही बोलावलं की रे! माझ्या पोराने सांभाळलेली, चष्मा लावलेली, तू पण मांडवाला ये म्हणून. बायकांनी मुसळं थांबवली. पार्वतीने विचारलं, हे कोणत्या धवल्यात आहे? आक्का म्हणाली, "आजपासून हाय."

मला राहवलं नाही. मी कागद काढून सांगितलं, आक्का, तुझी पाहुणी मरायला टेकलीय, तिला बंद करतायत. झालं! गाव आमच्या ओटीवर लोटलं, जणू घरातलं माणूस गेलंय. कोणी केळी आणली, कोणी तुझी नोकरी गेली म्हणून डोळे पुसले. आक्का मात्र रडली नाही. मला म्हणाली, "आवतन दिलेल्या पावनीला लगनाआदी मारतात का रं? लीव त्याला." म्हणून लिहितोय. तुझ्या साहेबांना सांग, अक्षय तृतीयेपर्यंत थांबा. दिघाशीचं आवतण आहे, मोडलं तर देवांपर्यंत जातं.

कळावे. बर्फात जपून.

तुझा,
लडकूमामा

ता. क. १ : बातमीत खाली बारीक अक्षरांत होतं, की दुर्बीण अजून तीन-चार वर्षं आपली आपण चालेल. ते मी पहिल्या वड्यालाच वाचलं होतं. आक्काला सांगितलं नाही. तुझ्या आईच्या गळ्याला कोणी तीन-चार वर्षं लिहून दिलेली नाहीत.

ता. क. २ : दुर्बिणीला येणं जमणार नाही, हे मलाही कळतं, मी सातवी नापास असलो तरी. पण आवतणाला घरचं कोणीतरी एक यावं लागतं. त्या दिवशी हळद कुटताना आक्का एका ओळीवर अडली. पाटा-वरवंट्याच्या पुढची ओळ. कुणालाच येत नव्हती. पूर्वी तू तिच्या पाठीशी बसायचास, ती श्वास घ्यायला थांबली की पुढची ओळ तू म्हणायचास आणि बायका हसायच्या. आता अख्ख्या तालुक्यात ती ओळ तुझ्याकडेच आहे. तेव्हा दुरुस्तीला एकच माणूस लागेल. जागा जमिनीवर आहे, ऑक्सिजन लागत नाही, काळूराम विमानतळावर न्यायला येतो म्हणतोय. (टोचनची दोरी घेऊन. त्याला घरीच ठेवायला सांगितलीय.)

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना आक्काने पकडलं आणि सगळं वाचून घेतलं. तिची एकच दुरुस्ती आहे, जशी सांगितली तशी लिहितो : "अडले न्हवते. पोऱ्या म्हनंल म्हनून थांबले व्हते."